सातमाशी बाळाचे डोळे आणि तिसाव्या दिवसाची तारीख

काही वर्षांपूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक आजी सात महिन्यांच्या नातीला घेऊन आल्या होत्या. बाळ अंगाने चांगले भरले होते आणि आवाजाच्या दिशेने मानही वळवत होते. पण खुळखुळा न वाजवता नुसता डोळ्यांसमोरून फिरवला, की त्याची नजर जागची हलत नव्हती. दोन्ही बाहुल्यांमागे पांढुरकी झाक दिसत होती. आजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्डासोबत घडी घालून ठेवलेले डिस्चार्ज कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. सातव्या महिन्यात जन्म, वजन १३०० ग्रॅम, २६ दिवस भरती. कार्डावर लसीची तारीख होती, वजनासाठी येण्याची तारीख होती; डोळे तपासण्याची तारीख मात्र कुठेच नव्हती. "मॅडम, काचेतल्या त्या निळ्या उजेडानं तर पोरीचे डोळे नाही ना गेले जी?" असे त्यांनी विचारले.

उजेडाने डोळे गेले नव्हते. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांना होणाऱ्या ज्या आजाराने ते गेले, त्याला वैद्यकीय भाषेत 'रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी' म्हणतात आणि दवाखान्यात त्याचा उल्लेख 'आरओपी' असा होतो. हा आजार कोणत्या बाळाला होऊ शकतो, हे जन्माच्या दिवशीच बऱ्याच अंशी सांगता येते. तो वेळेत सापडला तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचवता येते. आणि वेळ टळली तर मोठ्यात मोठ्या शहरातील मोठ्यात मोठ्या डॉक्टरलाही फारसे काही करता येत नाही. म्हणून त्याची जोखीम कशाने वाढते, हे घरातल्या माणसांना नीट समजले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा एक नाजूक पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून वाढू लागतात. जिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते, तिथून निघून त्या हळूहळू पडद्याच्या कडांकडे पसरतात. नाकाच्या बाजूची कड जवळ असल्याने तिथे त्या आठव्या महिन्याच्या अखेरीस पोहोचतात; कानाच्या बाजूची कड लांब असल्याने तिथे पोहोचायला जवळपास पूर्ण चाळीस आठवडे लागतात. अर्थात, अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्याचा मोठा भाग अजून रक्तवाहिन्यांवाचून असतो. हे काम आईच्या पोटात, अंधारात आणि कमी ऑक्सिजनमध्ये पूर्ण व्हायचे असते. ते आता बाहेरच्या जगात पूर्ण करावे लागते.

कमी ऑक्सिजन असणे हे इथे वाढीचे कारण आहे. पडद्याच्या ज्या भागाला रक्त पोहोचलेले नसते, तो भाग 'व्हीईजीएफ' नावाचे एक रसायन सोडतो आणि त्या हाकेला ओ देत वाहिन्या पुढे सरकतात. आपल्याकडे कोरडवाहू कपाशी करणाऱ्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पेरणीनंतर पावसाची झड लागून राहिली, तर ओल वरच मिळत असल्याने कपाशीचे मूळ खोल जात नाही. पुढे उघडीप पडली, की तेच झाड माना टाकते. कमी दिवसांच्या बाळाचे असेच होते. जन्मानंतर अचानक भरपूर ऑक्सिजन मिळाल्याने पडद्याची हाक थांबते आणि वाहिन्यांची वाढ खुंटते. हा आजाराचा पहिला टप्पा. त्यानंतर काही आठवड्यांनी, म्हणजे गर्भाचे दिवस धरून बाळ साधारण बत्तीस ते चौतीस आठवड्यांचे झाल्यावर, रक्त न पोहोचलेला भाग वाढू लागतो, त्याची ऑक्सिजनची गरज वाढते आणि तो एकदम फार मोठ्याने हाका मारू लागतो. मग ज्या वाहिन्या उगवतात, त्या सरळ वाढत नाहीत. त्या कमकुवत असतात, जागा सोडून डोळ्याच्या पोकळीत शिरतात, त्यांतून रक्त झिरपते, त्यांच्याभोवती व्रणासारख्या दोऱ्या तयार होतात आणि त्या दोऱ्या आवळल्या की पडदा जागेवरून सुटतो.

आजाराच्या पाच पायऱ्या मानल्या जातात. पहिल्या दोन पायऱ्यांवरून पुष्कळ बाळे काहीही उपचार न करता आपोआप बरी होतात. चौथ्या पायरीवर पडदा अंशतः सुटतो, पाचवीवर पूर्ण. त्या नातीचे डोळे पाचव्या पायरीवर होते.

आता जोखमीकडे येऊ. सर्वांत मोठी जोखीम म्हणजे दिवस कमी असणे आणि वजन कमी असणे. जितके दिवस कमी, तितका पडदा अपुरा. गावाकडे 'सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही' असे अजूनही बोलले जाते. ते खरे नाही, पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि डोळ्यांना बळच देतो. मात्र आपल्याकडे नेमके किती आठवडे झाले होते, हेच कित्येकदा ठाऊक नसते. शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही, पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झालेली नसते. अशा वेळी वजन हाच आधार उरतो. म्हणूनच आपल्या देशात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मार्गदर्शनानुसार जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा गर्भकाळ ३४ आठवड्यांपेक्षा कमी, यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी डोळ्यांची तपासणी करायची असते. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग यांसारखी गुंतागुंत झाली असेल, तर त्याचीही करायची असते.

अमेरिकेत ही मर्यादा १५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे अशी आहे. आपल्याकडे ती इतकी वर का, हा प्रश्न मला नव्या परिचारिका नेहमी विचारतात. भारतात तिथल्यापेक्षा मोठ्या आणि जास्त दिवसांच्या बाळांनाही हा आजार झालेला आढळतो, हे त्याचे उत्तर आहे. आणि त्यामागे बाळाच्या घडणीपेक्षा जन्मानंतर मिळालेल्या देखभालीतील उणिवांचा हात मोठा आहे. त्यांत पहिली येते ऑक्सिजन देण्याची रीत.

या आजाराचे पहिले वर्णन १९४२ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे थिओडोर टेरी या नेत्रतज्ज्ञाने केले. त्या काळात तिकडे कमी दिवसांच्या बाळांसाठी बंद पेट्या आल्या होत्या आणि त्यांत मुबलक ऑक्सिजन सोडला जात असे. पुढच्या दहाएक वर्षांत जगभरात सुमारे १०,००० बाळांची दृष्टी गेली. १९५१ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनवर बोट ठेवले आणि नंतरच्या अमेरिकी अभ्यासाने ते खरे ठरवले. मग ऑक्सिजन एकदम आखडता घेतला गेला. अंधत्व घटले; पण श्वासाअभावी बाळे दगावू लागली. एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळे गमावली गेली असावीत, असा अंदाज १९७३ साली इंग्लंडमध्ये मांडला गेला. हा इतिहास मी आवर्जून सांगते, कारण 'ऑक्सिजनने डोळे जातात' एवढेच अर्धवट ऐकून काही नातेवाईक ऑक्सिजन लावायलाच नकार देतात. ज्या बाळाला तो लागतो, त्याला तो द्यावाच लागतो. प्रश्न किती द्यायचा आणि तो मोजून दिला जातो का, हा आहे.

किती द्यायचा, याचे उत्तरही सहज मिळालेले नाही. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'सपोर्ट' या अभ्यासात २४ ते २७ आठवड्यांच्या बाळांचे दोन गट केले होते. एका गटात रक्तातील ऑक्सिजनची पातळी ८५ ते ८९ टक्क्यांवर आणि दुसऱ्यात ९१ ते ९५ टक्क्यांवर राखायची होती. कमी पातळीच्या गटातील वाचलेल्या बाळांमध्ये गंभीर आरओपी ८.६ टक्के, तर जास्त पातळीच्या गटात १७.९ टक्के दिसला. परंतु कमी पातळीच्या गटात मृत्यू १९.९ टक्के झाले आणि दुसऱ्यात १६.२ टक्के. म्हणून आज ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाची पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखली जाते.

कोविडच्या साथीनंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर माहीत झाले आणि ९८–९९ हा आकडा म्हणजे चांगला, हे सर्वांच्या मनात पक्के बसले. नवजात कक्षाच्या काचेतून बाळाच्या मॉनिटरवर ९९ दिसले, की बाहेर उभ्या असलेल्या बापाचा जीव भांड्यात पडतो. पण बाळ नळीने ऑक्सिजन घेत असताना दिसणारा ९९ हा त्याच्या डोळ्यांसाठी धोक्याचा आकडा असतो, आणि तो दिसताच परिचारिकेने ऑक्सिजन कमी करायचा असतो. (बाळ नळीविना साध्या हवेत श्वास घेत असेल, तर ९९ बद्दल काळजीचे कारण नाही.) आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, सिलिंडरमधून येतो तो जवळपास १०० टक्के. दोन्ही मिसळून हवे ते प्रमाण देणारे उपकरण, ज्याला ब्लेंडर म्हणतात, ते नसेल तर बाळाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळत राहतो. मला विशेष काळजी वाटते ती वाटेतल्या तासांची. धारणी किंवा भामरागडसारख्या ठिकाणाहून बाळ मोठ्या रुग्णालयात न्यायचे तर कित्येक तास जातात, आणि तेवढ्या वेळात सिलिंडर नुसता पूर्ण सोडून ठेवला गेला, तर पहिल्याच दिवशी पडद्याच्या वाढीला खीळ बसू शकते. रुग्णवाहिकेतही बाळाच्या पायाला ऑक्सिमीटर लावून आकड्यानुसार प्रवाह कमी-जास्त करणे, ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे. पातळी सतत वर-खाली होत राहणे हेसुद्धा डोळ्यांना घातक असते.

ऑक्सिजन हे एकच कारण मानले, की बाकीच्या कारणांकडे दुर्लक्ष होते. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग ही त्यांतली फार महत्त्वाची जोखीम आहे, कारण शरीरभर उठलेला दाह डोळ्यांतल्या वाहिन्यांनाही बिघडवतो. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणे ही साधी गोष्ट वाटते, पण तिचा संबंध थेट बाळाच्या नजरेशी आहे. वारंवार रक्त चढवावे लागणे हीसुद्धा जोखीम मानली जाते. मोठ्या माणसाचे रक्त बाळाच्या स्वतःच्या रक्तापेक्षा ऑक्सिजन अधिक सहज सोडते, त्यामुळे पडद्याला अकाली जास्त ऑक्सिजन मिळतो. श्वास मध्येच थांबणे, फुप्फुसे अपरिपक्व असणे, मेंदूत रक्तस्राव होणे, रक्तातील साखर वाढणे, ही सगळी आजारीपणाची लक्षणे जोखीम वाढवतात. जितके बाळ अधिक आजारी, तितके त्याचे डोळे अधिक संकटात, असे ढोबळमानाने समजायला हरकत नाही.

आणखी एक कारण असे आहे, की ज्यात आई स्वतः काही करू शकते. वाहिन्यांच्या वाढीला व्हीईजीएफसोबत 'आयजीएफ-१' नावाचे वाढीचे द्रव्य लागते. ते बाळाला गर्भात मिळते, आणि कमी दिवसांच्या बाळात जन्मानंतर त्याचे प्रमाण फार खाली जाते. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे वजन नीट वाढले नाही, तर हे प्रमाणही खालीच राहते आणि गंभीर आजाराची शक्यता वाढते. बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरण्याची कांगारू पद्धत, जी कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, ती बाळाला ऊब देते, वजन वाढवते आणि संसर्ग कमी करते. आईचे दूध, मग ते वाटी-चमच्याने थेंब थेंब द्यावे लागले तरी, हेच काम करते. लुगड्याच्या आत, छातीवर दीड किलोचे बाळ बांधून तासन् तास बसलेली आई पाहिली, की तिच्या बाळाच्या पडद्यावरच्या वाहिन्या त्याच वेळी पुढे सरकत असतील, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

जन्माआधीची कारणे मी थोडक्यात सांगते. कमी वयातले लग्न व गरोदरपण, रक्तक्षय, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, जुळी बाळे, आणि आपल्या पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल आजार, यांमुळे बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. चौतीस आठवड्यांआधी कळा सुरू झाल्यास आईला फुप्फुसे पक्की होण्याची इंजेक्शने देतात. त्यांनी बाळाचा श्वासाचा त्रास घटतो आणि पर्यायाने ऑक्सिजनची गरजही. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिले इंजेक्शन गावपातळीवरच देण्याची मुभा परिचारिकांना २०१४ पासून आहे, म्हणून पोटात वेळेआधी दुखू लागताच आरोग्य केंद्र गाठावे.

आजींच्या प्रश्नाकडे पुन्हा येते. कावीळ उतरवण्यासाठी लावलेल्या निळ्या उजेडाने किंवा कक्षातल्या दिव्यांनी हा आजार होत नाही; डोळे झाकून प्रकाश कमी केलेल्या बाळांत तो कमी झाला नाही, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट झाले आहे. ग्रहणानेही तो होत नाही, आईने गरोदरपणात काय पाहिले यानेही नाही. काजळ घातल्याने तो टळत नाही. काजळ मुळात घालूच नये.

आता मी ज्या जोखमीबद्दल सर्वांत जास्त बोलू इच्छिते, ती बाळाच्या शरीरात नाही. हा आजार जन्मतः नसतो, तो तीन-चार आठवड्यांनंतर दिसू लागतो आणि बाहेरून त्याचे एकही चिन्ह नसते. डोळे लाल होत नाहीत, चिपडे येत नाहीत, बाळ रडत नाही. पांढुरकी झाक दिसते तेव्हा पडदा सुटून गेलेला असतो. त्यामुळे लक्षणाची वाट न पाहता तारखेवर विसंबावे लागते. पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत. बाळ २८ आठवड्यांपेक्षा कमी किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलके असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच.

आणि नेमका हाच काळ आपल्याकडे सव्वा महिन्याचा असतो. बाळंतिणीने आणि तान्ह्याने उंबरठा ओलांडायचा नाही, ही रीत मायेपोटी आलेली आहे आणि इतर बाळांच्या बाबतीत तिने बाळाचे नुकसान होत नाही. पण सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस, आणि डोळ्यांची तारीख त्याच्या आत पडते. दुसरी अडचण माहेराची. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. कार्डावर पत्ता सासरचा, मोबाइल नंबर नवऱ्याचा आणि बाळ मात्र तिसऱ्याच तालुक्यात. सासरच्या गावची आशाताई दार बंद पाहून परत जाते आणि माहेरच्या आशाताईच्या यादीत हे बाळ नसतेच. त्यात कापूस वेचणीचे दिवस असले, तर सोबत यायला घरात माणूस नसतो. आमच्या कक्षात आता सुट्टी देताना 'बाळ कोणत्या गावी राहणार?' हा प्रश्न वेगळा विचारला जातो आणि दोन्ही गावच्या आशाताईंचे नंबर कार्डावर घेतले जातात. डोळ्यांची तारीख लाल शाईने लिहून बापाकडून मोठ्याने वाचून घेतली जाते.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी देखभाल करायला शिकवले आणि ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगासमोर मांडले. त्याच वाटेने पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. या भेटींतली एक अठ्ठाविसाव्या दिवशी येते, म्हणजे डोळ्यांच्या तारखेच्या अगदी तोंडावर. कमी वजनाच्या बाळाच्या घरी त्या दिवशी वजनकाट्यासोबत 'डोळे दाखवले का?' हा प्रश्नही न चुकता गेला पाहिजे. पूर्वी जी बाळे वाचत नसत, ती आता वाचतात. त्यांच्या डोळ्यांची जबाबदारीही त्यासोबत आपल्यावर आली आहे.

तपासणीबद्दलची भीती साहजिक आहे. बाळाच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, पापण्या उघड्या ठेवण्यासाठी बारीक तारेचे साधन लावतात आणि डोक्यावर बांधलेल्या दिव्याच्या व भिंगाच्या साह्याने नेत्रतज्ज्ञ पडदा पाहतात. बाळ रडते, थोडा वेळ डोळे लाल दिसतात, पण डोळा बाहेर काढत नाहीत आणि कुठे चिरही देत नाहीत. तपासणीच्या तासभर आधी दूध पाजू नये, म्हणजे उलटीचा धोका राहत नाही. काही ठिकाणी विशेष कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढून ते दूरच्या तज्ज्ञाला पाठवले जातात. कर्नाटकात २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ ग्रामीण नवजात कक्षांत जाऊन असे फोटो काढतात. मेळघाट आणि गडचिरोलीसारख्या भागांना ही रीत फार उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

एका तपासणीत काही नाही आढळले, म्हणून काम संपत नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्या असे डॉक्टर स्वतः सांगेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावे लागते. आजार वाढलेला दिसला, तर ४८ ते ७२ तासांत उपचार करायचा असतो. 'सोमवारी पैसे जमवून येतो' इतकाही वेळ काही वेळा नसतो. लेसरने पडद्याचा रक्त न पोहोचलेला कडेचा भाग निष्क्रिय करतात, म्हणजे त्याच्या हाका थांबतात. कडेची थोडी नजर देऊन मधली नजर वाचवण्याचा हा सौदा आहे आणि तो करण्यासारखाच आहे. काही बाळांना डोळ्यात इंजेक्शन देतात. त्यांना पुढे अधिक महिने तपासणीला आणावे लागते, कारण आजार उशिरा उलटू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार समाविष्ट आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने थांबण्याआधी जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाच्या पथकाला विचारावे.

डोळे वाचलेल्या बाळांपैकी बऱ्याच जणांना पुढे दूरच्या नजरेचा चष्मा लागतो, काहींना तिरळेपणा येतो. त्यासाठी वर्षाच्या आत आणि नंतरही ठरल्या वेळी तपासणी लागते. दीड वर्षाच्या मुलीला रबरी पट्ट्याने बांधलेला जाड भिंगांचा चष्मा घालायला घरचे बिचकतात, लग्नात अडचण येईल असेही कोणी बोलून जाते. त्या वयात चष्मा टाळला, तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही आणि आधी वाचवलेली नजर अधू राहते. गेल्या पोळ्याच्या सुमारास अशीच एक मुलगी तपासणीला आली होती. चष्मा लावताच ती आईच्या कडेवरून वाकली आणि भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातल्या बाळाच्या चित्राकडे बोट दाखवून कितीतरी वेळ पाहत राहिली.